पुस्तक तिच्या हातात आलं कसं?

दादरच्या आमच्या वाचक कट्ट्यावर गेल्या महिन्यात एका तरुण लेखिकेने आपल्या लिहीत असलेल्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीतली तीन प्रकरणं वाचून दाखवली. काळ १९०८चा. रत्नागिरीकडची सतरा वर्षांची मुलगी बोटीने मुंबईला येते, परळला मावशीच्या खाणावळीत राबते, आणि तिला पुस्तकांचं वेड आहे. वाचन संपलं आणि वादाला तोंड फुटलं. एक गृहस्थ म्हणाले, आजच्या मुलीला नऊवारी नेसवून शंभर वर्षं मागे नेऊन बसवलंय. त्या काळी खाणावळीतली पोर पुस्तकं वाचत होती म्हणणं म्हणजे इतिहासाची थट्टा. समोरून उत्तर आलं, अहो, प्रेमकथा आहे, पीएचडीचा प्रबंध नाही. वाचणाऱ्याला चार घटका बरं वाटलं की झालं. पुढचा तासभर हेच दोन मुद्दे आवाज चढवून पुन्हा पुन्हा मांडले गेले. लेखिका वहीत मान घालून बसली होती. तिला घरी नेता येईल असं एक वाक्य कुणी बोललं नाही, मीही नाही, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. परगावाहून आलेली वाचनवेडी मुलगी मुंबईच्या इतिहासात अगदी नीट बसते. त्या तीन प्रकरणांत मला खटकलं ते एवढंच की पुस्तक तिच्या हातात फार सहज येतं. दुकानदार दयाळू निघतो, पुस्तक तसंच देऊन टाकतो आणि ती रात्री खिडकीत बसून वाचत राहते. त्या पुस्तकापायी तिला काय काय मोजावं लागलं हे कादंबरीने दाखवलं, तर तिच्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही. आणि ते दाखवायला प्रेमकथेइतका योग्य प्रकार दुसरा नाही, कारण बाईने वाचावं का आणि बाईने कुणाशी संसार करावा, हे दोन प्रश्न आपल्या समाजाने पहिल्यापासून एकाच गाठोड्यात बांधून ठेवले होते.

आक्षेप घेणाऱ्यांच्या पदरात जे पडायला हवं ते आधी टाकते. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानात लिहिता-वाचता येणाऱ्या बायका हजारी दहासुद्धा नव्हत्या. मुंबई शहरात आकडा याहून बरा होता, पण तो गिरगावातल्या, फोर्टातल्या, पारशी आणि सुखवस्तू हिंदू घरांतल्या बायकांमुळे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला गिरणगाव निराळा होता. बाप्ये एकेकटे यायचे, एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि जेवायला खाणावळीत. ज्या बायका गिरणीत लागल्या त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिलिंग खात्यात, एकूण कामगारांत साधारण पाचवा हिस्सा. भोंग्याआधी उठायचं, भाकऱ्या बडवायच्या, पाणी भरायचं, मूल शेजारणीच्या हवाली करायचं आणि दिवसभर सूत गुंडाळायचं. या दिवसात पुस्तक कुठे बसतं? आणि ज्या वाचणाऱ्या बायकांची नावं आपण अभिमानाने घेतो, रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी, काशीबाई कानिटकर, त्यांपैकी एकही खाणावळीत भाकऱ्या थापत नव्हती. हा आक्षेप खरा आहे आणि 'कल्पनेचं स्वातंत्र्य' म्हणून तो उडवून लावता येत नाही.

पण या आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे, की पुस्तकावर जीव जडायला आधी वाचता यावं लागतं. माझी पणजी राजापूरकडून लग्न होऊन लालबागला आली. अक्षरओळख शून्य. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मात्र तोंडपाठ. सोमवारी पोथी पुढ्यात घेऊन ती ओळींवरून बोट फिरवत म्हणायची. बोट कुठल्या ओळीवर आहे आणि तोंडात कुठली ओवी आहे याचा मेळ नसायचा, पण पान कुठल्या शब्दावर संपतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि बरोबर त्या शब्दाला ती पान उलटायची. लाल फडक्यात बांधलेली ती पोथी तिने आगीतून बाहेर काढावी तशी प्रत्येक बिऱ्हाडबदलीत स्वतःच्या हाताने नेली, असं आजी सांगायची. हिला पुस्तकाचं प्रेम नव्हतं म्हणायचं? जनगणनेच्या कागदावर ती निरक्षर होती. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या ओव्या १९५२मध्ये छापून आल्या तेव्हा शिकल्यासवरल्या महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या. कीर्तन, पोथी, पोवाडा, जात्यावरची ओवी, आणि एकाने मोठ्याने वाचायचं बाकीच्यांनी ऐकायचं असं वर्तमानपत्र, अशा वाटांनी शब्द गरिबाच्या घरात येत होता. ज्या मुलीने लहानपणी असं ऐकलंय आणि मग ते सगळं ज्यातून येतं ती छापील वस्तू पाहिली, तिला त्या वस्तूची ओढ लागणं यात अशक्य काय आहे? उलट ती ओढ लागली नसती तरच नवल.

आता 'ही आजची मुलगी आहे' या मुद्द्याकडे वळते. म्हणजे शिकण्याची आस ही हल्लीची गोष्ट, आपण ती मागच्यांवर लादतो. मग १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात निबंध लिहिणारी मुक्ता साळवे कुठल्या काळातली होती? सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखावर लिहिताना ती धर्मालाच जाब विचारते. तिचा निबंध छापला गेला म्हणून ती आपल्याला माहीत आहे. छापल्या न गेलेल्या किती होत्या, हे आता मोजता येणार नाही. पुराव्याची मागणी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्याकडेच कागदाचा पुरावा मागणं हा न्याय होत नाही. इतिहासकाराने तिथे थांबावं, ते त्याचं कर्तव्यच आहे. कादंबरीकाराचं काम बरोब्बर तिथून सुरू होतं. मात्र त्याने हजारांतली एक निवडली असेल तर उरलेल्या नऊशे नव्याण्णव त्याच चाळीत, त्याच नळावर दिसल्या पाहिजेत. नायिका वाचते आणि चाळीतल्या इतर बायका फक्त टोमणे मारायला येतात, हे मला मान्य नाही. त्यांच्यातली एखादी तिच्याकडून आपल्या गावचं पत्र वाचून घ्यायला येईल, आणि दुसरी तिच्याबद्दल मावशीकडे चहाडी करेल.

कट्ट्यावर एकाने असंही म्हटलं की इंग्रजी कादंबऱ्यांत न्यूयॉर्कला उतरलेली स्थलांतरित मुलगी पुस्तकात रमलेली असते ते शोभतं, कारण तिथे वाचनालयं होती. आपल्याकडे ती नक्कल वाटते. वाचनालयं होती हे खरं. अमेरिकी उद्योगपती कार्नेगीने १९०१मध्ये न्यूयॉर्कला शाखा-वाचनालयांसाठी ५२ लाख डॉलर दिले. लोअर ईस्ट साइड या ज्यू निर्वासितांच्या दाटीच्या वस्तीत सेवर्ड पार्कचं वाचनालय १९०९ला उघडलं आणि त्याच्या गच्चीवरही बसून वाचायची सोय होती. पण तिथल्या मुलीचा दिवस कुणी पाहिलाय का? त्याच शहरात २५ मार्च १९११ला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, दाराला कुलूप होतं, १४६ माणसं गेली, आणि त्यांतल्या बहुतेक अशाच नव्याने आलेल्या ज्यू आणि इटालियन पोरी. तीही शिलाई मशीनवर पाठ मोडून मगच वाचनालयाच्या पायऱ्या चढत होती. तिच्याबाबत आपण शंका घेत नाही आणि परळच्या मुलीबाबत घेतो, यामागे इतिहास कमी आणि आपल्याच माणसांविषयीचा अविश्वास जास्त आहे असं मला वाटतं.

आणि मुंबई काय अगदी कोरडी होती? १८९६च्या पावसाळ्याअखेर मांडवीत प्लेग उगवला, जवळजवळ अर्धं शहर गावाकडे पळालं, घरांवर खुणा झाल्या, माणसं तपासणीला नेली जाऊ लागली. साथ संपलेली नव्हती तेव्हाच, १८९८मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. पोटाची आणि जिवाची भ्रांत असताना पुस्तकांचं कोण बघतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत. दादर सार्वजनिक वाचनालय १९०७चं. १८९५पासून 'मनोरंजन' मासिक इथूनच निघत होतं आणि त्याचा पहिला दिवाळी अंक १९०९चा. गिरणगावापुरतं बोलायचं तर नारायण मल्हार जोशींनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. या लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या आणि पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांमधून फिरवल्या. पेटी! कादंबरीकाराला याहून चांगलं काय हवं? दयाळू दुकानदाराची गरजच उरत नाही. चाळीत पेटी येते, ती पुरुषांच्या हातात पडते, मुलीने ती मागायची कुणाकडे, कोणत्या नात्याने, लोक काय म्हणतील, या एका प्रसंगात तीन प्रकरणांचा ऐवज आहे. म्हणून लेखिकेला माझी पहिली सूचना अशी की १९०८ सोडून १९१२वर ये.

१९१२ म्हणण्याला आणखी एक कारण आहे, ते उजेडाचं. वाचायला वेळ लागतो आणि दिवा लागतो. १९०५च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी सूर्य मावळला की गिरणी थांबायची. वीज आली आणि मालकांनी दिवस लांबवला, पुरुषांना तेरा-चौदा तास उभं केलं. शहराच्या प्रगतीचं चिन्ह म्हणून आपण जो दिवा मिरवतो त्याने कामगाराची संध्याकाळ गिळली. बायकांचे तास १८९१च्या फॅक्टरी कायद्याने अकरावर बांधलेले होते. पुरुषांचे बारावर आले ते १९११च्या कायद्याने. रविवारची सुट्टीही आयती मिळाली नव्हती. १८९०च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी बोलावलेल्या महालक्ष्मीच्या सभेला दहाएक हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. त्यांची नावं कुणी जपली नाहीत. हजारो पुरुषांसमोर बोलायला उभी राहणारी बाई १८९०मध्ये या शहरात होती हे आपण मान्य करतो, आणि बावीस वर्षांनंतर त्याच वस्तीतली एक मुलगी पुस्तक मागते म्हटलं की आपल्याला ते अति वाटतं? गल्लीतल्या गॅसच्या दिव्याखाली बसून अभ्यास करून मोठ्या झालेल्या पुरुषांच्या गोष्टी आपण किती कौतुकाने सांगतो. मुलीला त्या दिव्याखाली बसता येत नव्हतं. तिला घरातली रॉकेलची चिमणी आणि त्या तेलावर मालकी असलेल्या बाईची मर्जी लागत होती.

लिपीचंही तसंच. छापलेलं पुस्तक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि हाताने लिहिलेलं पत्र, हिशेब, चिठ्ठीचपाटी मोडी या वेगळ्या वळणाच्या लिपीत, असा तो काळ. गावच्या शाळेत किंवा मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेली मुलगी छापील ओळी घडाघडा वाचेल आणि तिला आलेल्या मोडी पत्रापुढे मुकी होईल. प्रेमकथा लिहिणाऱ्याने हे वाचून उडी मारायला हवी. नायकाने पाठवलेली चिठ्ठी मुलीच्या हातात आहे, पुस्तकं वाचणारी म्हणून सगळ्या चाळीत नाव आहे आणि तिला ती चिठ्ठी वाचता येत नाही. आता ती कुणाकडून वाचून घेणार? तपशिलाची कटकट कशाला म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला माझं उत्तर हेच आहे. तपशील काढून टाकले की प्रेमही पातळ होतं. दोन माणसांमध्ये खरोखर काय आडवं येत होतं हे कळल्याशिवाय ती एकत्र आल्याचा आनंद वाचकाला व्हावा कशाचा?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कट्ट्यावर कुणी घेतलाच नाही, म्हणून मीच घेते. प्रेमकथा लग्नाशी संपते, आणि त्या काळच्या बाईचं वाचन बहुतेक वेळा लग्नानेच संपवलं. मग सनई वाजवून पुस्तक मिटणं ही वाचकाची फसवणूक नाही का? आहे, जर लेखिकेने डोळे मिटून ते केलं तर. पण आपल्याकडचा इतिहास सरळ नाही. रमाबाईंचं लग्न १८७३मध्ये अकराव्या वर्षी झालं आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना अक्षरापासून शिकवलं. घरातल्या बायका त्यावरून बोलत राहिल्या, रमाबाई ऐकून घेत राहिल्या आणि शिकत राहिल्या. नवरा हाच मास्तर. आनंदीबाईंचे मास्तरही गोपाळराव, आणि त्यांचा हात उठायचा. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाईंनी त्या माराची आठवण करून दिली आहे. म्हणजे शिकवणं, माया, सत्ता आणि भीती एकाच पाटीवर. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो' लिहायला घेतली तेव्हा पुण्याची यमू सुखाचे दिवस पाहते ते नवऱ्याबरोबर मुंबईला आल्यावर. बिऱ्हाड, मोकळेपणा, वाचणं आणि नवऱ्याशी बरोबरीने बोलणं हे तिच्या आयुष्यात एकत्रच येतं आणि तो गेल्यावर एकत्रच जातं. मराठीतल्या वास्तववादी कादंबरीनेच ही मुलगी आपल्याला दिली. तिला आज परकी कोण ठरवतंय?

आणि बाईने शिकण्याला त्या काळी जे विरोध करत होते त्यांनाही वाचन आणि संसार यांचं हे नातं नीट कळलेलं होतं. बाई लिहायला शिकली तर परपुरुषाला चिठ्ठ्या लिहील, बाईने पुस्तक हाती धरलं तर नवऱ्याच्या ताटात अळ्या होतील, असं उघड बोललं जायचं. अळ्यांवर आपण आज हसतो, पण ती भीती कसली होती? जिला वाचता येतं तिला निवड करता येईल, ही. या भीतीला आधार होता याचा दाखला मुंबईच्याच हायकोर्टात आहे. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लागलं, ती डॉ. सखाराम अर्जुन या सावत्र वडिलांच्या घरीच राहिली आणि फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणून वाचत राहिली. नवऱ्याने १८८४मध्ये दावा लावला. १८८५ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला आणि मार्च १८८७मध्ये तिला सांगण्यात आलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन आली. रखमाबाईचं घर सुशिक्षित होतं, पाठीशी माणसं होती, परळच्या मुलीला यातलं काही मिळणार नाही, हे मी वरच कबूल केलं आहे. पण वाचणारी बाई 'नाही' म्हणू शकते हे रखमाबाईने साऱ्या शहराला दाखवून दिलं होतं, आणि ती बातमी खाणावळीच्या पंगतीतही चघळली गेली नसेल असं मला वाटत नाही. जिला 'नाही' म्हणता येतं तिच्याच 'हो'ला किंमत येते. प्रेमकथा आणखी कशाची असते?

म्हणून 'हलकं वाङ्मय' या शब्दाचा मला राग येतो. आपण गड, तलवारी, स्वाऱ्या यांच्या कादंबऱ्यांना ऐतिहासिक म्हणतो आणि त्यांतल्या सगळ्या थापा पचवतो. घोडा एका रात्रीत किती कोस धावला हे कुणी विचारत नाही. एका पोरीने पुस्तक वाचलं म्हटलं की मात्र खानेसुमारीचे आकडे निघतात. ज्यांनी हे आकडे काढले त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांना गिरणगावाच्या हालअपेष्टा धूसर होऊ द्यायच्या नव्हत्या आणि त्या काळजीत मीही आहे. पण त्या बाईला आपण फक्त हालअपेष्टाच दिल्या, तिची हौस, तिचा हट्ट, तिचं कुतूहल काढून घेतलं, तर आपणही तिला गिरणीत बायकांकडून काम करून घेणाऱ्या नायकिणीसारखंच वागवलं, जिच्या लेखी ती म्हणजे दिवसाला अमुक इतकं सूत.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या लेखिकेला गाठलं. स्टेशनकडे जाताना तिला म्हटलं, दुकानदार काढून टाक. खाणावळीत रात्रीची शेवटची पंगत बसली की तुझ्या मुलीला मोठ्याने वाचू दे, पेटीतलं पुस्तक, शिळं वर्तमानपत्र, काहीही. जेवणाऱ्यांत कुणालाच वाचता येत नाही. सगळीकडे नवरा बायकोला शिकवतो, इथे ती वाचेल आणि तो ऐकेल.

"आणि तो करतो काय, ताई?"

"शेवटचा घास लांबवतो."

ती हसली, मग थांबून म्हणाली, "पण तेल? मावशी एवढा वेळ चिमणी जळू देईल?"

मी म्हटलं, नाही देणार, ती थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते. पुलाच्या पायऱ्या चढेपर्यंत ती काही बोलली नाही. वर पोहोचल्यावर म्हणाली, "मग महिनाअखेरीला खाणावळीचे पैसे देताना तो दोन आणे जास्त ठेवतो. कशाचे, ते सांगत नाही."